हंटिंग्डनची तोफ: सेव्हास्तोपोल ते भंगार, आणि मग प्रतिकृती

इंग्लंडच्या केंब्रिजशर परगण्यात ग्रेट ऊझ नदीकाठी हंटिंग्डन हे बाजारपेठेचं जुनं गाव आहे. ऑलिव्हर क्रॉमवेल 1599 साली इथेच जन्मला. गावाच्या मिल कॉमन नावाच्या गायरानावर एक तोफ मांडलेली आहे. ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने रशियाशी केलेल्या क्रिमियन युद्धाची (1853-56) आठवण म्हणून ती तिथे आहे, पण तिने स्वतः ते युद्ध पाहिलेलं नाही. ती प्रतिकृती आहे. काळ्या समुद्रावरच्या सेव्हास्तोपोल बंदरातून आलेली मूळ तोफ दुसऱ्या महायुद्धात भंगारात गेली.

मूळ तोफ इथवर आली कशी, हे कळायला 1854 च्या सप्टेंबरपर्यंत मागे जावं लागतं. ब्रिटिश, फ्रेंच आणि तुर्की फौजा क्रिमियात उतरल्या, तेव्हा रशियनांनी सेव्हास्तोपोल बंदराच्या तोंडाशी स्वतःचीच जहाजं बुडवून समुद्राकडची वाट बंद केली. जहाजांवरच्या तोफा आणि खलाशी किनाऱ्यावरच्या बुरुजांवर आणले. त्या जोरावर शहराने जवळजवळ वर्षभर वेढा सोसला. 8 सप्टेंबर 1855 रोजी फ्रेंचांनी मलाखोव्हचा बुरूज घेतला आणि रशियनांनी शहराची दक्षिण बाजू सोडली. मागे हजारो तोफा राहिल्या. विजेत्यांनी त्या आपसात वाटून घेतल्या.

ब्रिटनने आपल्या वाट्यातल्या बिडाच्या तोफा गावोगावी दिल्या. कांस्याच्या तोफांचा धातू महाग, त्यामुळे त्या सहसा कोणाला मिळाल्या नाहीत. बिडाच्या तोफेचा मात्र युद्धाला फारसा उपयोग उरला नव्हता आणि शोभेला ती उत्तम होती. गावं सरकारकडे मागणी करत आणि तोफ मिळाली की ती चौकात किंवा बागेत मांडत. आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियापर्यंत अशा तोफा पोचल्या.

या तोफांची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. रशियन बिडाच्या तोफांचा एक मोठा कारखाना म्हणजे पेट्रोझावोद्स्कचा अलेक्झांड्रोव्स्की. तो नावारूपाला आणला चार्ल्स गॅस्कॉइनने. हा आधी स्कॉटलंडमधल्या कॅरन कंपनीच्या लोखंड कारखान्याचा व्यवस्थापक होता. 1786 मध्ये तो रशियाला गेला. म्हणजे ब्रिटिश सैनिकांवर ज्या तोफा धडाडल्या, त्यांतल्या काहींमागे ब्रिटनमध्ये शिकलेलं कसब होतं.

पण या तोफा स्मारक होत्या का? मला वाटतं, सुरुवातीला नव्हत्या. त्या विजयाची खूण होत्या. युद्धात सुमारे 21 हजार ब्रिटिश सैनिक मेले, त्यांतले बहुतेक पटकी, हगवण आणि तापाने. तोफेवर अशा कोणाचंच नाव नसे. मेलेल्या साध्या शिपायाची आठवण गावाच्या मधोमध ठेवायची रीत इंग्लंडभर रुजली ती पहिल्या महायुद्धानंतर. हंटिंग्डनच्याच मार्केट हिलवर 1923 मध्ये कॅथलीन स्कॉट यांनी घडवलेला शिपाई उभा राहिला. हनुवटी हातावर टेकवून तो विचारात पडलेला दिसतो. जिंकलेली तोफ आणि हा शिपाई यांच्यात साठेक वर्षांचंच अंतर आहे, पण युद्धाकडे पाहण्याची दृष्टी तेवढ्यात पार बदलली होती.

मग दुसरं महायुद्ध आलं. पोलादाची टंचाई, भंगार गोळा करण्याच्या मोहिमा. घरांचे, बागांचे लोखंडी कठडे कापून नेले गेले आणि चौकाचौकातल्या सेव्हास्तोपोलच्या तोफाही उचलल्या गेल्या. हंटिंग्डनची त्यांतच गेली. नॉटिंगहॅमशरमधल्या रेटफर्डची तोफ वाचली. एका रहिवाशाने ती विकत घेऊन लपवली, असं तिथे सांगतात.

युद्ध संपलं, पण गेलेली तोफ परत येण्यासारखी नव्हती. हंटिंग्डनमध्ये पुढे प्रतिकृती बसवली गेली. काहींना ती खोटी वाटेल. मला वाटत नाही. मूळ तोफ एका विजयाची होती. प्रतिकृती त्या विजयाबरोबर 1940 च्या दशकातल्या नडीचीही आठवण देते. अशा प्रत्येक प्रतिकृतीशेजारी वितळलेल्या तोफेची हकीकत ठळक लिहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

याच तोफांशी आपल्याकडचा एक धागा जोडलेला आहे. 1856 मध्ये सुरू झालेलं व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक सेव्हास्तोपोलच्या तोफांच्या धातूचं असतं, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. पण ज्या दोन तोफांचा धातू त्यासाठी कापला गेला, त्या लंडनच्या वूलिचमधल्या तोफा चिनी बनावटीच्या असल्याचं पुढे दिसून आलं. हे पदक 1944 मध्ये इटलीत लढताना मरण आलेल्या यशवंत घाडगे यांना मरणोत्तर मिळालं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे ते नाईक. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे.

सेव्हास्तोपोलची अस्सल तोफ पाहायची तर हंटिंग्डनहून तीसेक किलोमीटरवरच्या ईलीला जावं. तिथल्या कॅथेड्रलसमोरच्या पॅलेस ग्रीनवर 1860 मध्ये राणी व्हिक्टोरियाने दिलेली रशियन तोफ आजही आहे. ईलीत स्वयंसेवक रायफल पथक उभं राहिलं, त्यानिमित्त ती गावाला मिळाली होती.