ना सुकं, ना ओलं

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-चार दिवसांनी सुन त्झू उगवतो, युद्धशास्त्रावरच्या प्रसिद्ध ग्रंथाचा कर्ता मानला जाणारा प्राचीन चिनी गुरू. पांढरी दाढी, मागे धुक्यातले डोंगर, खाली यशाचा एखादा मंत्र. परवाचा मंत्र मी मुद्दाम त्याच्या ग्रंथाच्या तेरा प्रकरणांत शोधला, कुठेच नाही. त्याचं एवढं काही नाही, आपल्याकडे चाणक्याच्या नावावरही काय काय खपतं. पण त्याखाली एका काकांनी लिहिलं होतं, "असा माणूस झालाच नाही. चिन्यांनी नंतर रचलेली कथा आहे." आता ही शंका काकांची एकट्याची नाही. चांगल्या चांगल्या विद्वानांनी ती शेकडो वर्षं घोळवली. तिचा अर्धामुर्धा निकाल लागला तो १९७२ साली, पाण्याचिखलाने भरलेल्या एका थडग्यात. आणि तिथून वर आला तो सुन त्झू नव्हे, त्याचा वंशज म्हणवला जाणारा सुन बिन. या गोष्टीत मला लढायांपेक्षा बांबू जास्त आवडतो, हे आधीच सांगून टाकतो.

पण आधी माणूस. 'बिन' हे त्याचं नाव नव्हेच, ते एका शिक्षेचं नाव आहे. गुडघ्याच्या वाट्या काढून टाकायच्या, ती शिक्षा. आईबापांनी ठेवलेलं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. काळ इ.स.पू. चौथ्या शतकाचा. चीनमध्ये सात मोठी राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली होती, आणि इकडे मगधात चंद्रगुप्त गादीवर यायला अजून काही दशकं होती. सुन बिन हा छी राज्याच्या मुलखातला, आजच्या शानतुंगकडचा. त्याने आणि पांग जुआनने युद्धशास्त्राचे धडे एकत्र गिरवले. पांग जुआन वेई राज्याचा सेनापती झाला. आपला सहाध्यायी आपल्यापेक्षा हुशार आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने त्याला गुपचूप बोलावून घेतलं, कसलातरी आरोप ठेवला, पायांनी अधू केलं आणि चेहऱ्यावर गुन्हेगाराचं गोंदण करवलं. असा माणूस पुन्हा कुणाच्या दरबारात उभा राहणार नाही, हा हिशेब. छीचा एक राजदूत वेईची राजधानी ताल्यांग (आजचं खायफंग) इथे आला होता. त्याने सुन बिनला आपल्या गाडीत लपवून पळवलं.

छीमध्ये त्याला आसरा दिला त्यान जी नावाच्या सेनापतीने. या त्यान जीला घोड्यांच्या शर्यतीचा नाद. राजा आणि राजपुत्रांशी पैजा लावायचा आणि हरायचा. घोडे तीन प्रतींचे: उत्तम, मध्यम, कनिष्ठ. राजाचा प्रत्येक प्रतीतला घोडा थोडा सरस. सुन बिन म्हणाला, त्यांच्या उत्तम घोड्यापुढे तुमचा कनिष्ठ सोडा, त्यांच्या मध्यमापुढे तुमचा उत्तम, आणि कनिष्ठापुढे मध्यम. एक हार, दोन जिती. त्यान जीने पैज मारली आणि सुन बिन राजाचा गुरू झाला.

ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. तिच्यातलं गणित सहसा कुणी करून बघत नाही. तीन घोडे लावायच्या रीती ३ × २ × १ म्हणजे ६. त्यांपैकी त्यान जीला जिंकून देणारी नेमकी एक, आणि तीही राजाचा क्रम आधी माहीत असेल तरच. राजाने फासा टाकून क्रम ठरवला असता, तर त्यान जीने काहीही केलं तरी सहांत एकदाच जिंकला असता. म्हणजे राजा घोड्यांमुळे हरला नाही, सवयीमुळे हरला. 'आपली चाल यदृच्छेवर सोडा, म्हणजे शत्रूला ती ओळखताच येणार नाही' या कल्पनेला गणिती पाया मिळाला तो १९२८ साली, जॉन फॉन नॉयमनच्या सिद्धांतातून. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मग दोन लढाया. इ.स.पू. ३५३च्या सुमारास वेईने झाओ राज्याच्या राजधानीला वेढा घातला. झाओने छीकडे मदत मागितली. राजा सुन बिनलाच सेनापती करणार होता. शिक्षा झालेल्या माणसाने ते पद घेणं बरं नव्हे, असं म्हणून त्याने ते त्यान जीला देवविलं आणि स्वतः झाकलेल्या गाडीत बसून डाव आखले. त्याचं म्हणणं, गुंता सोडवायचा तर मूठ आवळून चालत नाही. झाओला जाऊच नका, वेईच्या राजधानीवर चाल करा. वेईचं सैन्य वेढा टाकून धावत परत फिरलं आणि ग्वेइलिंगला दमल्या अवस्थेत सापडलं.

दुसरी मालिंगची, इ.स.पू. ३४१च्या आसपास. या वेळी माघार घेत असल्याचं सोंग. पहिल्या रात्री छावणीत एक लाख चुली, दुसऱ्या रात्री पन्नास हजार, तिसऱ्या रात्री तीस हजार. पाठलागावर असलेल्या पांग जुआनने राखेवरून ताडलं की शत्रूचं निम्म्याहून जास्त सैन्य पळालं. पायदळ मागे सोडून निवडक स्वार घेऊन तो धावला आणि अंधार पडताना एका अरुंद खिंडीत शिरला. तिथे एका मोठ्या झाडाची साल तासून पांढऱ्या लाकडावर लिहिलेलं: पांग जुआन या झाडाखाली मरेल. वाचायला त्याने मशाल पेटवली. उजेड दिसताच बाण सोडायचे, असा हुकूम दोन्ही बाजूंच्या धनुर्धाऱ्यांना आधीच होता. वाचून संपायच्या आत बाण सुटले.

नाटक म्हणून बेफाम. हे सगळं आपल्याला सांगतो तो इतिहासकार सिमा च्येन, आणि तो लिहीत होता इ.स.पू. १००च्या आसपास, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनी. पुरावा काय? त्याच्याच म्हणण्याप्रमाणे सुन बिनचं युद्धशास्त्र लोक वाचत होते. पुढे हान राजघराण्याच्या दरबारी ग्रंथयादीत दोन वेगवेगळ्या 'सुन गुरुजीं'ची पुस्तकं आहेत, एक वू राज्यातला आणि एक छीमधला, छीवाल्याची ८९ प्रकरणं. पण सातव्या शतकातल्या यादीत छीवाल्याचं नाव गायब. पुस्तकच हरवलं. मग शंका आल्या: दोन सुन होते की एकच? ती प्रसिद्ध तेरा प्रकरणं या लंगड्या सुनचीच तर नाहीत?

एप्रिल १९७२. शानतुंग प्रांतातल्या लिनयी शहराजवळ यिंछ्वेशान नावाची छोटी टेकडी आहे. नावाचा अर्थ रुपेरी चिमणीचा डोंगर. तिथे बांधकाम चालू असताना खडकात खोदलेली हान काळातली दोन थडगी लागली. पहिल्यात तुकडे धरून ४,९४२ कामट्या निघाल्या. बांबूच्या कामट्या, प्रत्येकीवर काळ्या शाईत अक्षरांची एक उभी ओळ. लांब कामट्या साडेसत्तावीस सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी एक सेंटिमीटरहून कमी. कागद यायच्या आधीचं पुस्तक असंच असायचं. कामट्या दोऱ्याने विणून चटईसारखी गुंडाळी करायची. या गुंडाळ्यांत सुन त्झूची प्रकरणं होती, आणि शेजारीच सुन बिनचीही. पुस्तकं दोन, हे त्या दिवशी ठरलं. (काकांसाठी: सुन त्झू हाडामांसाचा होता हे यातून सिद्ध होत नाही. वंशजाचं पुस्तक निराळं आहे, एवढंच होतं.)

थडग्याचं वय काढलं नाण्यांवरून, आणि ही युक्ती फार साधी आहे. पहिल्या थडग्यात 'तीन झू' वजनाचं एक नाणं मिळालं, ते पाडलं गेलं इ.स.पू. १४०च्या आसपास. 'पाच झू'चं नाणं इ.स.पू. ११८पासून देशभर सुरू झालं, तसं एकही नाही. म्हणजे थडगं या दोन तारखांच्या मधलं. शेजारच्या थडग्यात इ.स.पू. १३४ या वर्षाचं कॅलेंडरच मिळालं. न सापडलेली वस्तूही साक्ष देते ती अशी.

आता बांबू. २,१०० वर्षं बांबू टिकतोच कसा?

चिनी पुरातत्त्ववाल्यांत एक म्हण आहे: सुकं हजार वर्षं, ओलं दहा हजार वर्षं, ना सुकं ना ओलं, सहा महिने. कोकणात कुंपणाची मेढ बघा. ती जमिनीच्या वर शाबूत असते, खोल मातीतही बऱ्यापैकी शाबूत असते, कुजते ती जमिनीलगत. कारण कुजवणाऱ्या बुरशीला दोन गोष्टी एकदम लागतात, पाणी आणि ऑक्सिजन. वर पाणी कमी, खाली हवा कमी, जमिनीलगत दोन्हीची चंगळ. थडगं भूजलात पूर्ण बुडालं की हवा तुटते. पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी विरघळतो (हवेतल्या एका लिटरमध्ये असतो त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतका), आणि साचलेल्या पाण्यातून तो पसरतो हवेपेक्षा साधारण दहा हजारपट सावकाश. आत असलेला ऑक्सिजन सुरुवातीचे सूक्ष्मजीव संपवून टाकतात, नवा पोचत नाही. मग उरतात ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू. ते वनस्पतीच्या धाग्यांतलं सेल्युलोज हळूहळू खातात, पण बांबूला कणखरपणा देणारं लिग्निन त्यांना जवळजवळ पचत नाही.

त्याच १९७२ साली चांग्शाजवळ मावांगत्वेइला एका उमराव बाईचं प्रेत निघालं, कातडी अजून मऊ. अशा वेळी आपल्याकडे लगेच नारळ फुटतात, रांगा लागतात. तिथे पेटीभोवती कोळशाचा जाड थर होता आणि त्यावर पांढऱ्या चिकणमातीचा लेप. हवा आत गेली नाही. चमत्कार असलाच तर तो चिकणमातीचा.

तर कामटी वाचते, पण कशी? सेल्युलोज बरंच गेलेलं, लिग्निनचा सांगाडा उरलेला, आणि पोकळी पाण्याने भरलेली. अशा कामटीत तिच्या कोरड्या वजनाच्या कित्येकपट पाणी असतं. उकडलेल्या शेवयीसारखी लिबलिबीत. ती नुसती उन्हात वाळवली तर संपलीच. हा माझा आवडता भाग आहे, जरा धीर धरा.

पाणी आटायला लागलं की प्रत्येक सूक्ष्म नळीत पाण्याचा पृष्ठभाग आत वाकतो, चहाच्या काचेच्या कडेला चहा चढतो तसा. हे शाळेतलं केशाकर्षण. वाकलेला पृष्ठभाग नळीच्या भिंती आत ओढतो. ओढ किती? पृष्ठताणाची दुप्पट भागिले नळीची त्रिज्या. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन. त्रिज्या एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली तर दाब येतो १,४४,००० पास्कल, म्हणजे सुमारे १.४ वातावरण (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १.४ पट). त्रिज्या दहापट कमी केली की १४ वातावरण. पेशीभित्तीतली छिद्रं तर आणखी बारीक, दहा नॅनोमीटरला (मायक्रॉनचा शंभरावा भाग) १४० वातावरणं. जिवंत बांबूची भिंत हे सोसते. सेल्युलोज गेलेली भिंत कोसळते, आणि एकदा चिकटली की पुन्हा भिजवून उघडत नाही. कामटी आकसते, पिळवटते, अक्षरं सुरकुतीत जातात.

उपाय सूत्रातच आहे. त्रिज्या आपल्या हातात नाही, पृष्ठताण आहे. पाण्याच्या जागी टप्प्याटप्प्याने अल्कोहोल भरायचं, त्याचा पृष्ठताण ०.०२२, म्हणजे ओढ एकदम तिसऱ्या हिश्श्यावर. चीनमध्ये अशा कामट्यांसाठी रुळलेल्या एका पद्धतीत पुढे या अल्कोहोलच्या जागी सिटाइल अल्कोहोल भरतात. नाव अल्कोहोल असलं तरी तो मेणासारखा पांढरा पदार्थ, तोंडाला लावायच्या क्रीममध्येही असतो. पन्नास अंशांच्या खाली तो घट्ट होतो. गरम असताना द्रव म्हणून आत शिरतो आणि थंड झाल्यावर तिथेच गोठून भिंतींना टेकू देतो. द्रव उडून जाण्याचा प्रश्नच मिटला, मग ओढ कसली?

दुसरी भानगड रंगाची. पाण्यातून काढताना पिवळसर दिसणारी कामटी हवा लागली की काळपट होते. आपल्या जुन्या लेखनिकांना याचं कारण पटकन कळलं असतं. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की शाई होते, हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोह यांची. कामटीत लिग्निनच्या विघटनातून आलेली टॅनिनसारखी द्रव्यं आहेत, भूजलातलं लोह आहे, हवा लागल्यावर लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि अख्खी कामटीच शाई बनते. काळ्यावर काळं, वाचणार काय? सुदैवाने लिहिण्याची शाई काजळीची होती, निव्वळ कार्बन. रसायनाने लोहाचं क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलटी क्रिया) केलं की कामटी पुन्हा उजळते आणि कार्बनला काही होत नाही. अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशातही असंच. त्या प्रकाशाला लोहाची शाई जवळपास दिसत नाही, काजळी ठळक दिसते.

कामट्या टिकल्या, दोरे मात्र कुजले. विणलेल्या क्रमाचा पत्ता नाही. पत्त्यांचा कॅट जमिनीवर फेकावा, त्यात दोन-तीन कॅट मिसळलेले असावेत आणि कित्येक पत्ते फाटलेले. १९७५ साली सुन बिनची ३० प्रकरणं म्हणून छापली गेली. दहा वर्षांनी पुन्हा तपासून १६च ठेवली, बाकीची त्याची म्हणता येत नाहीत म्हणून बाजूला काढली. आपल्या दुकानांत मिळणारी 'सुन बिनची संपूर्ण युद्धनीती' नेमकी कुठल्या यादीवरून आली आहे, ते घेण्यापूर्वी बघावं. जे त्याचं म्हणून उरलं त्यात यशाचे मंत्र कमीच. एके ठिकाणी तो आडव्या धनुष्याबद्दल (क्रॉसबो) बोलतो. बाण खांदा आणि छातीच्या मधून सुटतो, शंभर पावलांपलीकडे माणूस पडतो, आणि तो कुठून आला हे कळतही नाही.

या सोळांतल्या पहिल्याच प्रकरणाचं नाव आहे 'पांग जुआनला पकडलं'. आणि ते मालिंगबद्दल नाही, ग्वेइलिंगबद्दल आहे. म्हणजे सिमा च्येनच्या म्हणण्याप्रमाणे जो मालिंगला झाडाखाली मेला, तो या कामट्यांप्रमाणे बारा-तेरा वर्षं आधीच हाती लागला होता. काही अभ्यासक म्हणतात, पकडून सोडला असेल. काहींना दोहोंपैकी एक गोष्ट रचलेली वाटते. माझं मत कामट्यांकडे झुकतं, त्या घटनेच्या अधिक जवळच्या आहेत. पण कामट्या लिहिणाऱ्यांनाही आपला गुरू मोठा दाखवायचा होता, हेही विसरता येत नाही.

ते झाड मिळालं असतं तर प्रश्न सुटला असता. पण साल तासलेलं उघडं लाकूड, खिंडीतला पाऊस, वर ऊन. ना सुकं, ना ओलं.