ड्रुकन आणि ड्रुकन : परक्या भाषेला कान कसा लागतो

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं शिकायला जर्मनीला निघाली की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘कोर्स इंग्लिशमधनं हाय की, जर्मन कशाला?’ आणि दुसरं, ‘आता या वयात कुठली नवी भाषा यायला?’

पहिलं वाक्य वर्गापुरतं खरं आहे. वर्गाबाहेर खोलीचा करार, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची पत्त्याची नोंदणी, रात्री दहानंतर आवाज करू नका म्हणून जिन्यात चिकटवलेला कागद, सामाईक स्वयंपाकघरात कांदा चिरताना चाललेल्या गप्पा, सगळं जर्मनमध्ये असतं. समोरचा आपल्यासाठी चार वाक्यं इंग्रजीत बोलतो, मग गप्पा परत जर्मनवर जातात आणि आपण हसण्यापुरते उरतो. दुसरं वाक्य मात्र साफ चूक आहे. त्या चुकीचं मूळ तोंडात नाही, कानात आहे.

जर्मनमध्ये दारावर ‘ढकला’ अशा अर्थाचा एक शब्द लिहिलेला असतो आणि ‘छापणे’ यालाही तसाच शब्द आहे. दोन्ही देवनागरीत लिहायला गेलं तर ड्रुकन आणि ड्रुकन. फरक एका स्वराचा. दाराच्या शब्दात ‘उ’वर दोन टिंबं असतात, छपाईच्या शब्दात नसतात. जर्मन माणसाला हे दोन शब्द ‘काळ’ आणि ‘केळ’ इतके वेगळे वाटतात. आपल्याला पहिल्या महिन्यात ते एकच ऐकू येतात.

असं का होतं? घागर भरताना आवाज ऐका. पाणी वर येतं तशी आतली हवेची पोकळी लहान होते आणि आवाज चढत जातो. तोंडाचंही तेच. ‘ई’ म्हणताना जीभ पुढे सरकते, तिच्यापुढची पोकळी छोटी होते आणि स्वराचा दुसरा घुमारा (तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या सुरांपैकी खालून दुसरा) पुरुषी आवाजात साधारण २२०० हर्ट्झपर्यंत चढतो. ‘ऊ’ला जीभ मागे जाते, ओठ गोल होऊन पोकळी लांबते आणि तोच घुमारा ८०० हर्ट्झच्या आसपास उतरतो. टिंबवाल्या ‘उ’मध्ये जीभ ‘ई’ची आणि ओठ ‘ऊ’चे. त्यामुळे घुमारा अधेमधे, १७०० च्या जवळपास पडतो. मराठीत काय किंवा कन्नडमध्ये काय, ओठ गोल झाले की जीभ मागे जातेच. या मधल्या जागेसाठी आपल्याकडे वाटीच नाही. मेंदू मिसळणाच्या डब्यासारखा वागतो. नवा मसाला आला की तो जवळच्या वाटीत ओततो, आणि ओतल्यावर वेगळा निवडता येत नाही.

या वाट्या फार लवकर ठरतात. १९८४ मध्ये जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाच्या आसपासच्या बाळांपैकी बहुतेकांना कळेनासा झाला होता. आपल्याला पाळण्यापासून स्पष्ट असलेला ‘त-ट’ इंग्रज माणसाला का साधत नाही, त्याचं उत्तर हेच. (वेखंड उगाळून चाटवलं की जीभ वळते, असं आपल्याकडे अजून म्हणतात. जिभेचा यात दोष नसतो, त्यामुळे वेखंडाला करण्यासारखं काही नसतं.)

पण वाट्या ठरतात म्हणजे डबा सील होतो असं नाही. ‘र’ आणि ‘ल’मध्ये गोंधळणाऱ्या प्रौढ जपानी लोकांना १९९१ च्या एका प्रयोगात तीन आठवडे जोड्यांनी शब्द ऐकवले. शब्द ऐकायचा, दोनांतला कुठला ते सांगायचं, लगेच बरोबर-चूक कळायचं. अचूकता ७८ टक्क्यांवरून ८६ वर गेली. यातली मेख पुढच्या प्रयोगांत कळली. एकाच माणसाच्या आवाजावर सराव केलेल्यांना नवा माणूस बोलला की पुन्हा काही कळेना. पाच-सहा वेगवेगळ्या आवाजांवर शिकलेल्यांचं शिकणं टिकलं, कारण मेंदूला आवाजातला माणूस वगळून स्वर तेवढा उचलावा लागला. म्हणून एकाच शिक्षकाच्या रेकॉर्डिंगवर वर्षभर घासणं हा वेळेचा अपव्यय आहे. आणि ‘झोपेत ऐका, तीस दिवसांत जर्मन’ ही जाहिरात तर सोडूनच द्या. इथे सगळं काम उत्तर देण्याने आणि चुकण्याने होतं, झोपलेला माणूस उत्तर देत नाही.

घरी करायचं ते असं. टिंबाच्या आणि बिनटिंबाच्या शब्दांच्या दहा जोड्या, पाच वेगळ्या आवाजांत, रोज वीस मिनिटं, डोळे मिटून. उच्चारासाठी आरशासमोर लांब ‘ई’ धरा. जिभेच्या कडा वरच्या दाढांना टेकलेल्या जाणवतील. त्या तशाच ठेवून फक्त ओठ शिट्टीसारखे करा. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. ओठ पुढे येताच जीभ सवयीने मागे घसरते, दाढांचा स्पर्श सुटतो आणि साधा ‘ऊ’ निघतो. स्पर्श सुटला की थांबून परत ‘ई’पासून सुरुवात करायची. आणि वहीच्या समासात उच्चार देवनागरीत लिहू नका. लिहिलात की तुम्ही स्वतःच्या हाताने दोन्ही मसाले एका वाटीत ओतलेत.

सीमाभागातल्या कानाकडे मात्र एक जास्तीची वाटी असते, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्वही आहेत. आखूड ‘ओ’ची ऒले म्हणजे चूल, लांब ‘ओ’ची ओले म्हणजे ताडपत्र, पत्र. पुण्याच्या कानाला हे एकच. शाळेत कन्नड शिकलेल्या, खडेबाजारात कन्नडमध्ये घासाघीस केलेल्या मुलाला नाही. जर्मनमध्ये नेमकी हीच जोडी भेटते. आखूड ‘ओ’चा ऒफन म्हणजे उघडं, लांब ‘ओ’चा ओफन म्हणजे भट्टी. बाकी मदत मराठी करते. तीन लिंगं आपल्याला परकी नाहीत (कुठल्या वस्तूला कुठलं, ते मात्र पाठच करावं लागतं), आणि पंचेचाळीस म्हणताना जर्मनही आधी पाच म्हणतो, मग चाळीस.

तरी एवढ्यावर स्वयंपाकघरातली गप्पा लगेच कळत नाही. भांड्यांच्या आवाजात आपल्या भाषेतला अर्धा शब्द बुडाला तरी मेंदू उरलेला भरून घेतो. नव्या भाषेत भरायला साठाच नसतो. शांत वर्गात सगळं कळणारा मुलगा जेवणाच्या टेबलावर गप्प होतो तो त्यामुळे, लाजाळूपणामुळे नव्हे. रोजचं बरंचसं निभावण्याच्या बी-१ पातळीला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, असा जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. त्यातला मोठा हिस्सा हा साठा भरण्यातच जातो.

दक्षिणेकडे, म्युनिक किंवा श्टुटगार्टला जाणाऱ्यांनी सरावाच्या पाच आवाजांतले दोन तिकडचेच घ्यावेत. ‘सुंदर’साठीच्या शब्दात (schön) टिंबवाला ‘ओ’ आहे. जीभ ‘ए’ची, ओठ ‘ओ’चे. आरशासमोर आठवडाभर घाम गाळून तो बसवावा, आणि तिकडची म्हातारी खिडकीतून नुसतं ‘शे’ म्हणते. तिचे ओठ गोल होतच नाहीत.