वावरातल्या घरात वायफाय न्यायचं असेल तर

दुकानात दर आठवड्याला कोणी ना कोणी येतं, काउंटरवर हात टेकवतं आणि म्हणतं, "भाऊ, जबरदस्त रेंजवाला राऊटर दाखवा." गावातल्या घरी फायबर आलेलं असतं. वावरातलं घर, संत्र्याच्या बगीच्यातली खोली किंवा कोठ्यामागे नवीन काढलेल्या दोन खोल्या मात्र दीडशे-दोनशे मीटर लांब पडतात. तिथं मोबाईलला रेंज नाही, पोरांचा अभ्यास अडतो, कोठ्यावर लावलेला कॅमेरा नुसताच डोळा मिचकावतो.

हे माहितीपत्रक अशांसाठी आहे. वाचून झाल्यावर कदाचित आमच्याकडून काहीच घ्यावं लागणार नाही. चालेल. चुकीचं सामान विकायचं आणि महिन्याभरानं वाद घालत परत घ्यायचं, त्यापेक्षा ते बरं.

आधी "जबरदस्त रेंज"चं बोलू. वायफाय म्हणजे रेडिओ नाही की तिकडून वाजलं आणि इकडे ऐकलं. मोबाईलला उलट बोलावंही लागतं. घरचा राऊटर कितीही मोठ्यानं ओरडला तरी तुमच्या खिशातल्या फोनचा आवाज तेवढाच. म्हणून चार अँटेनावाला महागडा राऊटर आणला की वावरात काड्या पूर्ण दिसतात, पण पान काही उघडत नाही. फोनला ऐकू येतं, राऊटरला ऐकू येत नाही. यावर उपाय म्हणजे फोनच्या जवळ दुसरा राऊटर ठेवायचा आणि दोन राऊटरांनी आपसांत बोलायचं.

दुसरा राऊटर कुठे ठेवायचा

सगळं यावर अवलंबून आहे. राऊटर कोणता घ्यायचा ते नंतर.

दहातले आठ जण दुसरा राऊटर तिथं ठेवतात जिथं वायफाय येत नाही. खोलीत सिग्नल नाही ना, मग खोलीतच ठेवा. पण बाप्पा, त्या राऊटरला तरी सिग्नल कुठून मिळणार? जे आहे तेच तो पुढे देतो. मरतुकडा सिग्नल मिळाला तर मरतुकडाच वाटतो, आणि तुमच्या फोनवर मात्र चार काड्या दिसतात. त्या काड्या दुसऱ्या राऊटरच्या असतात, नेटच्या नाहीत. "रेंज फुल आहे पण नेट चालत नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच निघतं.

काड्या मोजू नका, आकडा बघा. अँड्रॉइड फोनवर वायफाय मोजणारी फुकट ॲप्स मिळतात. त्यात मायनसमध्ये एक आकडा दिसतो, त्याला डीबीएम म्हणतात. मायनसपुढचा आकडा जेवढा लहान तेवढं चांगलं. राऊटरच्या शेजारी उभे राहिलात तर मायनस ३५-४० दिसेल. मायनस ६५ पर्यंत उत्तम, ७० पर्यंत काम भागतं, ७५ च्या पुढे अडखळायला लागतं आणि ८५ ला जोडणी नावालाच उरते. फरक थोडा वाटतो, पण तसा नाही. मायनसपुढचा आकडा ३ नं वाढला की सिग्नल निम्मा होतो, १० नं वाढला की दहावा हिस्सा उरतो.

एका संध्याकाळी ॲप चालू करून घरून वावराकडे चालत जा. दर दहा पावलांवर थांबा, एकदा छातीशी आणि एकदा हात वर करून आकडा बघा. मायनस ६५ ते ७० जिथं संपतं ती दुसऱ्या राऊटरची जागा. ती भर धुऱ्यावर आली तर तिथं राऊटर ठेवता येणार नाही हे उघड आहे. मग बाहेर लावायचं यंत्र लागतं, त्याचं पुढे सांगितलं आहे. पण बरेचदा घराचीच मागची खिडकी किंवा गच्चीवरच्या टाकीजवळची जागा पुरते. पहिला राऊटर टीव्हीमागच्या कोनाड्यातून काढून त्या खिडकीत आणला आणि काम झालं, असंही घडतं. त्या दिवशी आमची विक्री होत नाही, चहा मात्र मिळतो.

भिंतीचा विचार करा. जुन्या घराची दीड-दोन फुटी मातीची भिंत सिग्नल बराच खाते. कवेलूचं छत फारसा त्रास देत नाही. टिन मात्र सिग्नल जवळजवळ अडवतंच. डासांसाठी खिडकीला ठोकलेली बारीक लोखंडी जाळी हीसुद्धा टिनाची बहीण.

वायफायचाही मोसम असतो

कंपनीच्या पुस्तिकेत हे सापडणार नाही. आम्ही ते इथं राहून शिकलो.

एप्रिल आला की कुलर खिडकीत बसतो. कुलर म्हणजे टिनाचा डबा आणि त्यात पाणी. सिग्नल अडवायला टिन पुरतं, उरलासुरला पाणी शोषतं. होळीपर्यंत छान चालणारं वायफाय अचानक बंद पडतं, घरचे म्हणतात उन्हानं राऊटर बिघडला. राऊटर ठीक असतो, त्याच्या तोंडासमोर कुलर असतो. एका हातानं राऊटर दुसऱ्या खिडकीत सरकवला की तक्रार मिटते.

दुसरा मोसम तुरीचा. एका शेतकऱ्याच्या वावरात आम्ही जूनमध्ये दोन यंत्रं समोरासमोर बसवली. मोकळं रान, दोनशे मीटर अंतर, स्पीड झकास. दिवाळीत फोन आला, माल खराब दिला म्हणून. आम्ही जाऊन वायर बदलली, अडॅप्टर बदलला, सेटिंग पुन्हा केली. काहीच फरक नाही. शेवटी आमचा पोरगा खांबाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, समोरचं घर दिसत नाही इथून." तूर डोक्याच्या वर गेली होती. जानेवारीत सोंगणी झाली आणि नेट आपोआप परत आलं. तोवर आम्ही खांब उंच केला होता, म्हणून श्रेय आम्हाला मिळालं.

पानात पाणी असतं आणि हिरवं पान सिग्नल पितं. शिवाय दोन यंत्रांमध्ये नुसती नजरेची रेघ मोकळी असून भागत नाही. लहरी मध्यभागी फुगतात. वायफायचे नेहमीचे दोन पट्टे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ वर दोनशे मीटरचं अंतर असेल तर मधोमध त्या रेघेच्या चहूबाजूंनी अडीच मीटरपर्यंत त्यांचा पसारा असतो, निदान त्याचा मोठा भाग तरी मोकळा हवा. म्हणून उंची ठरवताना आज दिसणारं पीक धरू नका, कापणीच्या वेळचं धरा. पऱ्हाटी, सोयाबीनला चिंता नाही. तूर आणि ऊस असेल तर पंधरा-वीस फुटांचा खांब धरून चाला. संत्र्याची झाडं बारा महिने हिरवी, ती सोडून बाजूनं वाट काढावी लागते.

रिपीटर की दुसरं काही

साधा रिपीटर म्हणजे गावचा कोतवाल. आधी निरोप ऐकायचा, मग दवंडी द्यायची. डफडं वाजवताना त्याला ऐकू येत नाही. एकाच पट्ट्यावर घेणं आणि देणं चालतं तेव्हा स्पीड निम्म्यावर येतो तो यामुळे. ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर चालणारा राऊटर असेल तर घराकडून ५ गिगाहर्ट्झवर घेता येतं आणि खोलीत २.४ वर देता येतं, म्हणजे दोन कोतवाल झाले. पण ५ ला भिंत सोसत नाही, नजरेसमोर घर असेल तरच. निम्म्या स्पीडला घाबरूही नका. १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल आणि वावरात २० एमबीपीएस पोचलं तर पुष्कळ झालं. एचडी व्हिडिओला ५ पुरतात.

घरी जुना राऊटर पडलेला असतो, तो आधी तपासू. त्याच्या सेटिंगमध्ये रिपीटर किंवा डब्ल्यूआयएसपी असा मोड दिसला तर नवीन घेऊ नका. काही जुन्या राऊटरांत ओपन-डब्ल्यूआरटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकून हे करता येतं. ते टाकताना मध्येच लाईन गेली तर राऊटरचा डबा होऊ शकतो, म्हणून ते काम आम्ही इन्व्हर्टरवरच करतो. कंपनीनं जोडणीसोबत दिलेले राऊटर बहुधा कुलूपबंद असतात, त्यांच्या नादी लागू नका.

रिपीटर मोडमध्ये सगळं एकच नेटवर्क राहतं. कोठ्यावरचा कॅमेरा घरच्या टीव्हीवर बघायचा असेल तर हाच मोड. डब्ल्यूआयएसपी मोडमध्ये दुसरा राऊटर आपलं वेगळं घर मांडतो. शेजाऱ्याच्या परवानगीनं त्याचं वायफाय घेत असाल तर हा बरा, कारण तुमची यंत्रं त्याच्या घरात सरमिसळ होत नाहीत. फक्त दुसऱ्या राऊटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा नंबर, बदला. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याचा १९२.१६८.२.१ ठेवा. दोघांचा एकच राहिला तर एका गावात एकाच नंबरची दोन घरं झाली, पोस्टमन फिरत बसतो.

सेटिंग घरीच, दोन्ही राऊटर एका टेबलावर ठेवून करा. चाललं की मग वावरात न्या. पहिल्या राऊटरचा २.४ चा चॅनल, म्हणजे पट्ट्यातली त्याची गल्ली, ऑटोवर सोडू नका, १, ६ किंवा ११ वर पक्का करा. नाहीतर लाईन जाऊन आली की तो भलत्याच चॅनलवर उठतो आणि काही रिपीटरांना तो पुन्हा सापडत नाही. फायबरच्या डब्याला चालू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढं थांबून दुसरा राऊटर एकदा बंद-चालू केला की निम्म्या तक्रारी आमच्यापर्यंत येतच नाहीत.

शंभर मीटरच्या पुढे

घरातला राऊटर इथं सोडून द्या. खांबावर लावायची बाहेरची यंत्रं जोडीनं येतात, एकाचं तोंड दुसऱ्याकडे. ती सगळीकडे सिग्नल उधळत नाहीत, टॉर्चसारखी एका दिशेनं देतात. वीज आणि नेट एकाच लॅन केबलमधून वर जातं. ऑक्टोबर २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचा बराच पट्टा घराबाहेरही विनापरवाना वापरता येतो, ठरवून दिलेल्या ताकदीच्या आत. तेव्हा त्याची भीती नको.

"वायरच टाकली तर?" टाकाच, जमत असेल तर. वायरीसारखं वायफाय नाही. पण लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. शिवाय दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर ओढली की आजूबाजूला वीज कडाडली तरी झटका थेट राऊटरमध्ये येतो. रोहिणी-मृगाच्या पावसात एका रात्रीत पाच-सहा राऊटर दुकानात परत आलेले आम्ही बघितले आहेत, लॅनचं तोंड काळं पडलेलं. अशा ठिकाणी आम्ही फायबरच सांगतो. फायबर म्हणजे काचेची तार, काचेतून करंट वाहत नाही. ती पाइपात घालून धुऱ्याच्या कडेनं न्या आणि रोटाव्हेटरवाल्याला जागा दाखवून ठेवा. खारी आणि उंदीर यांना दाखवायची गरज नाही, ते शोधतातच.

खांब असेल तर अर्थिंग वेगळी करा. आभाळ आलं की प्लग काढताना लॅनची वायरही काढा. नुसता प्लग काढून उपयोग नाही.

मोटारपंपाच्या खोलीतून वीज घेऊ नका. शेतीच्या फीडरला ठरलेल्या तासांपुरतीच वीज असते आणि तेही कधी दिवसा, कधी रात्री. लाईन गेली तरी बॅटरीवर राऊटर चालू ठेवणारा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं आहे की ९, ते बघून या. उन्हाळ्यात राऊटर टिनाखाली ठेवू नका. बहुतेक राऊटर ४० अंशांपर्यंतच चालायला बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या वर जातो.

दुसऱ्याचं वायफाय न विचारता ओढून द्या असं सांगायला येऊ नका. त्या जोडणीवर तुम्ही जे कराल ते मालकाच्या नावावर जातं. परवानगी असेल तर मालकाला सोबत आणा, पासवर्ड त्यांनाच टाकू द्या.

दुकानात येताना तीन गोष्टी आणा: घरच्या राऊटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो, वावरातल्या जागेवरून घराकडे बघत काढलेला फोटो आणि पावलांनी मोजलेलं अंतर. ॲपमधला मायनसचा आकडा लिहून आणलात तर निम्मं काम तुम्हीच केलं. पाहणीचे पैसे आम्ही घेत नाही, गावाबाहेर असेल तर पेट्रोल तेवढं द्या. आणि पाहणीला शक्यतो तूर उभी असताना बोलवा.