थाळी, वारा आणि स्टेडियमच्या भिंती

टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये २ ऑगस्ट २०२१ रोजी झालेल्या ऑलिंपिकच्या महिला थाळीफेक अंतिम फेरीत अमेरिकेच्या व्हॅलरी ऑलमनने पहिल्याच प्रयत्नात ६८.९८ मीटरचा पल्ला गाठला आणि सुवर्णपदक जिंकले. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच स्टेडियममध्ये भरली, तेव्हा तिने ६९.४८ मीटर थाळी फेकून पुन्हा सुवर्ण मिळवले. मधल्या काळात पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिला सुवर्ण मिळाले ते ६९.५० मीटरला. तीन मोठ्या स्पर्धा, तीन सुवर्णपदके आणि तिन्ही पल्ल्यांत जेमतेम अर्ध्या मीटरचा फरक. मात्र याच ऑलमनने एप्रिल २०२५ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील रमोना या छोट्या गावातील मैदानावर ७३.५२ मीटरची फेक केली होती. रमोनाच्या उघड्या मैदानापासून टोकियोच्या स्टेडियमपर्यंत येताना चार मीटर कुठे गेले, हा प्रश्न थाळीफेकीचे आकडे वाचणाऱ्या प्रत्येकाला पडायला हवा. त्याचे उत्तर खेळाडूच्या दंडात कमी आणि हवेत जास्त आहे.

आधी हवा नाहीच असे समजून गणित मांडू. जागतिक दर्जाच्या थाळीफेकपटूच्या हातून थाळी सुटते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर असतो. सुटण्याचा कोन ३६ अंश आणि हाताची उंची दीड मीटरच्या थोडी वर धरली, तर निर्वात जागेत ही थाळी ६२ ते ६३ मीटरवर पडेल. वेग सेकंदाला एका मीटरने वाढवला तर पल्ला सुमारे पाच मीटरने वाढतो, कारण पल्ला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असतो. म्हणून प्रशिक्षक सगळी मेहनत वेगावर घेतात आणि ते योग्यच आहे. गोळाफेकीत हिशेब जवळपास इथेच संपतो. थाळीफेकीत तो इथून पुढे सुरू होतो.

महिलांची थाळी एक किलोग्रॅम वजनाची आणि सुमारे १८ सेंटिमीटर व्यासाची असते. पुरुषांची थाळी दोन किलोग्रॅमची आणि सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाची. वजन निम्मे झाले, पण आकार काही निम्मा झाला नाही. क्षेत्रफळ काढून पाहिले तर महिलांच्या थाळीच्या वाट्याला एका किलोमागे सुमारे २६० चौरस सेंटिमीटर येतात, पुरुषांच्या थाळीच्या वाट्याला १९०. म्हणजे हवेला धरायला महिलांच्या थाळीवर वजनाच्या मानाने तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक जागा आहे. सेकंदाला २५ मीटर वेगाने जाणाऱ्या या थाळीवरील हवेचा गतिज दाब आणि तिचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार जवळपास थाळीच्या स्वतःच्या वजनाइतकाच भरतो. हे सगळे बल वर उचलण्याच्या कामी येत नाही. थाळी हवेला कोणत्या कोनात सामोरी जाते त्यानुसार त्यातला काही भाग उचल म्हणून मिळतो आणि काही विरोध म्हणून सोसावा लागतो. तरीही वजनाच्या तोडीचे बल हाताशी असणे ही मामुली बाब नव्हे.

वाऱ्याचे महत्त्व इथूनच लक्षात येते. थाळीला मैदानाशी कर्तव्य नसते, तिला कळतो तो हवेच्या तुलनेतला स्वतःचा वेग. समोरून सेकंदाला पाच मीटर वेगाने वारा येत असेल, तर २५ मीटर वेगाची थाळी हवेतून ३० मीटर वेगाने जात असते आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तिच्यावरील बल जवळजवळ दीडपट होते. तोच वारा पाठीमागून आला तर बल एक तृतीयांशाहून अधिक घटते. धावण्याच्या शर्यतीत समोरचा वारा शत्रू असतो. थाळीफेकीत मात्र मध्यम वेगाचा समोरचा वारा, खेळाडूला तो वापरता आला तर, पल्ला काही मीटरने वाढवतो. शंभर मीटर शर्यतीत किंवा लांब उडीत पाठीमागचा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम मान्य होत नाही. थाळीफेकीला असा कोणताही नियम नाही.

वारा वापरता येण्याची अट मात्र कठीण आहे. थाळी ३६ अंशांनी वर निघते, पण तिची स्वतःची बैठक, म्हणजे जमिनीच्या तुलनेत तिच्या पृष्ठाचा कल, त्याहून सपाट, सुमारे ३० अंशांच्या आत ठेवावी लागते, त्यामुळे सुरुवातीला हवा तिच्या वरच्या पृष्ठावर किंचित दाब देते. वरवर पाहता हे नुकसानीचे वाटते. मार्ग जसजसा खाली वळतो तसतशी हवा थाळीच्या खालच्या बाजूने येऊ लागते आणि उचल वाढत जाते. शिखराच्या आसपास ती सर्वांत जास्त असते. पुढे हवा आणि थाळी यांच्यातील कोन ३० अंशांच्या आसपास गेला की पृष्ठाला चिकटून वाहणारी हवा सुटते, उचल कोसळते आणि विरोध झपाट्याने वाढतो. सुटताना बैठक चार-पाच अंशांनी चढी झाली, तर हा क्षण लवकर येतो आणि थाळी अर्ध्या वाटेवरच मान टाकते. समोरचा वारा जोराचा असेल तर बैठक आणखी सपाट ठेवावी लागते. प्रेक्षकांना सारख्याच दिसणाऱ्या दोन फेकींमध्ये पाच मीटरचा फरक पडतो, तो बहुतेक वेळा या काही अंशांमुळे.

संपूर्ण उड्डाणात बैठक बदलू न देण्याचे काम फिरकीचे आहे. उजव्या हाताच्या खेळाडूची थाळी तर्जनीवरून सुटते आणि वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत जाते. वेगाने फिरणारा भोवरा जसा आपला आस सहजी सोडत नाही, तशी ही थाळीही हवेने नाक वर ढकलले तरी लगेच उलटत नाही. हवेचा तो रेटा पूर्णपणे वाया मात्र जात नाही: फिरत्या वस्तूच्या नियमानुसार त्याचा परिणाम काटकोनात दिसतो आणि उड्डाणाच्या शेवटी थाळीची डावी कड हळूहळू खाली झुकते. चांगल्या थाळीचे वजन जास्तीत जास्त प्रमाणात धातूच्या कडेत साठवलेले असते ते याचसाठी, कारण वजन मध्यापासून दूर असले की फिरकी टिकते. पण अशा थाळीला फिरकी देणेही तितकेच अवघड असल्यामुळे नवशिक्या मुलींना मध्यात वजन असलेली थाळी देतात.

आता तो हात जवळून पाहू. थाळी मुठीत धरलेली नसते. चार बोटांची फक्त शेवटची पेरे कडेवरून वळलेली असतात आणि अंगठा नुसता पृष्ठावर टेकलेला असतो. खेळाडू अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात मैदानाकडे पाठ करून उभी राहते, डाव्या पायावर वळते, उजवा पाय मध्यावर टाकते, डावा पाय पुढच्या कडेजवळ रोवते आणि दीड गिरकीत एक किलोची थाळी ताशी ९० किलोमीटर वेगाला आणते. थाळीच्या वर्तुळाकार मार्गाची त्रिज्या सुमारे ९० सेंटिमीटर धरली, तर शेवटच्या क्षणी त्या पेरांवर येणारी ओढ सुमारे ७० किलोग्रॅम वजनाइतकी होते. हातमोजे चालत नाहीत. तळहाताला खडूची पूड लावता येते, पण वर्तुळावर किंवा बुटांवर काहीही लावायला बंदी आहे.

टोकियोत २०२१ साली पाऊस आला तेव्हा याच दोन जागा, पेरांखालची कड आणि डाव्या पायाखालचे काँक्रीट, दगा देऊ लागल्या. खेळाडू घसरू लागल्या आणि स्पर्धा सुमारे तासभर थांबवावी लागली. ऑलमनची ६८.९८ ची फेक कोरड्या वर्तुळातली होती. नंतर कोणालाच तिच्या जवळपास पोहोचता आले नाही. जर्मनीच्या क्रिस्टिन पुडेन्झला ६६.८६ मीटरवर रौप्य मिळाले. पावसापूर्वी फेकायला मिळाले हे भाग्य खरे, पण मोठ्या स्पर्धेत पहिल्या प्रयत्नात कोणताही हातचा न राखता फेकणे ही तयारीची गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय ऑलमनला द्यायलाच हवे.

स्टेडियमचा मुद्दा पावसापेक्षा खोल आहे. चहूबाजूंनी उंच प्रेक्षागृहे आणि त्यांच्यावर छत अशा वास्तूत बाहेरचा वारा आत येताना मोडतो, भोवऱ्यांत विखुरतो आणि थाळीला सलग, एका दिशेचा झोत मिळत नाही. रमोनाच्या सपाट, मोकळ्या मैदानावर तो मिळतो. पुरुषांचा विश्वविक्रमही तिथलाच आहे: लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने एप्रिल २०२५ मध्ये तिथे ७५.५६ मीटर थाळी फेकली. विक्रमाची स्पर्धा आणि पदकाची स्पर्धा हे एकाच खेळाचे दोन वेगळे प्रकार मानावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

महिलांचा विश्वविक्रम ७६.८० मीटरचा आहे. पूर्व जर्मनीच्या गाब्रिएले राइन्शने तो ९ जुलै १९८८ रोजी नॉयब्रांडेनबुर्ग येथे केला आणि थाळी निम्म्या वजनाची असल्यामुळे तो पुरुषांच्या विक्रमाहूनही पुढे आहे. त्याच वर्षी सोलमध्ये मार्टिना हेलमनने ७२.३० मीटरचा ऑलिंपिक विक्रम केला, तोही अजून अबाधित आहे. पूर्व जर्मनीत त्या काळात सरकारी यंत्रणेमार्फत खेळाडूंना उत्तेजके दिली जात होती, हे पुढे त्यांच्याच कागदपत्रांतून उघड झाले. त्यामुळे १९८८ च्या आकड्यांच्या मापाने आजच्या खेळाडूंना मोजणे अन्यायाचे आहे. महिलांची थाळीफेक ऑलिंपिकमध्ये आली ती १९२८ मध्ये, आणि ॲम्स्टरडॅमला पोलंडच्या हालिना कोनोपात्स्काने ३९.६२ मीटरच्या विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले होते. तिथून आजच्या ६९ मीटरपर्यंतचा प्रवास माझ्या मते अधिक बोलका आहे.

भारतीय आकडेही याच नजरेने पाहावेत. कृष्णा पूनियाने मे २०१२ मध्ये हवाई बेटांवर ६४.७६ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ६३.६२ मीटरसह सातवा क्रमांक मिळवला, जो पुढे रौप्यविजेती उत्तेजकांमुळे बाद झाल्यावर सहावा झाला. कमलप्रीत कौरने मार्च २०२१ मध्ये पतियाळ्याला ६५.०६ मीटर फेक करून ६५ मीटर ओलांडणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळवला. टोकियोच्या पात्रता फेरीत तिने ६४.०० मीटर आणि पावसात भिजलेल्या अंतिम फेरीत ६३.७० मीटर फेक करून सहावा क्रमांक मिळवला. पुढे उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्याने २०२२ मध्ये तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली, याचीही नोंद याच जागी व्हायला हवी. पण निव्वळ अंतरांचा विचार केला तर मोकळ्या मैदानावरील सर्वोत्तम फेक आणि ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतील फेक यांच्यातील तफावत पूनियाच्या बाबतीत एका मीटरहून थोडी अधिक, तर कमलप्रीतच्या बाबतीत, जून २०२१ मधील तिची ६६.५९ मीटरची फेक धरली तर, जवळपास तीन मीटरची आहे. ऑलमनच्या बाबतीत ती चार मीटरची आहे. त्यामुळे पूनियाचा पल्ला लंडनला घसरला असे म्हणण्यापेक्षा, वाऱ्याची मदत नसतानाही तिने आपल्या सर्वोत्तम फेकीच्या ९८ टक्के अंतर गाठले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.