द्रमुक नेमका आला कुठून? वेगळा देश मागणारा पक्ष सत्तेत कसा पोचला

2025 च्या जूनमध्ये महाराष्ट्र सरकारला पहिलीपासूनच्या हिंदीचे जीआर मागे घ्यावे लागले, 5 जुलैला वरळीत ठाकरे बंधूंचा मेळावा झाला आणि त्याच दिवशी तमिळनाडूतून द्रमुकचे नेते आणि करुणानिधींचे पुत्र स्टालिन यांनी स्वागताची पोस्ट टाकली. तेव्हापासून आपल्याकडे द्रमुकबद्दल बोलणं वाढलंय, पण बहुतेक वेळा ते दोनच गोष्टींवर येऊन थांबतं, एक हिंदीविरोध आणि दुसरं करुणानिधींचं घराणं. दोन्ही खरंच आहे. पण मला या पक्षाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. वेगळा देश हवा म्हणत सुरू झालेला हा पक्ष, त्याने ती मागणी सोडली, निवडणुका लढवल्या, सत्तेत आला आणि फुटून जे मिळवायचं होतं त्यातलं बरंचसं भारतात राहूनच मिळवलं.

सुरुवात 1916 पासून करावी लागेल. तेव्हाच्या मद्रास इलाख्यात ब्राह्मण लोकसंख्येच्या जेमतेम 3 टक्के, पण पदवीधरांत आणि सरकारी नोकऱ्यांच्या वरच्या जागांवर बहुसंख्य तेच. याविरुद्ध टी. एम. नायर, त्यागराय चेट्टी आणि नटेश मुदलियार यांनी संघटना काढली, तिच्या 'जस्टिस' नावाच्या इंग्रजी पेपरावरून लोक तिला जस्टिस पार्टीच म्हणायला लागले. 1920 च्या निवडणुकीत हे सत्तेत आले आणि 1921 ला सरकारी नोकरीत जातवार वाटा देणारा आदेश काढला. आपल्याकडे शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1902 लाच 50 टक्के जागा राखून ठेवल्या होत्या, त्यामुळे मराठी वाचकाला ही लढाई परकी वाटायचं काही कारण नाही. फक्त जस्टिसवाले होते जमीनदार, राजेरजवाडे आणि पदव्या मिरवणारे लोक, खेड्यातल्या माणसाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता आणि 1937 ला काँग्रेसने त्यांचा पार धुव्वा उडवला.

तोवर इरोडचे ई. व्ही. रामसामी म्हणजे पेरियार पुढे आले होते. हे आधी काँग्रेसमध्ये होते, 1924 ला अस्पृश्यतेविरुद्धच्या वैकमच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, 1925 ला काँग्रेस सोडली आणि स्वाभिमान चळवळ सुरू केली, जातीवर, पुरोहितशाहीवर, देवावरसुद्धा थेट हल्ला. 1938 ला मद्रासमधल्या राजाजींच्या काँग्रेस सरकारने शाळांत हिंदी सक्तीची केली तेव्हा जे आंदोलन पेटलं त्याचे मुख्य नेते हेच. नटराजन आणि थालमुत्तू हे दोन आंदोलक 1939 ला कैदेत असताना वारले, आजही द्रमुकच्या सभांमध्ये त्यांची नावं घेतली जातात. पेरियार तुरुंगात असतानाच त्यांना जस्टिस पार्टीचं अध्यक्ष केलं गेलं. जानेवारी 1940 मध्ये ते मुंबईला आले होते आणि तिथे बाबासाहेब आंबेडकर आणि जिना या दोघांनाही भेटले होते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

1944 ला सेलमच्या अधिवेशनात जस्टिस पार्टीचं द्रविडर कळघम, म्हणजे द्रविडांची संघटना, झालं. ठराव मांडला होता कांचीपुरमच्या सी. एन. अण्णादुराईंनी, की इंग्रजांनी दिलेल्या पदव्या परत करा आणि निवडणुकांपासून लांब राहा. अण्णादुराई विणकर समाजातल्या साध्या घरातले, एमए झालेले, आणि बोलायला लागले की हजारो लोक तासन्‌तास हलायचे नाहीत असे वक्ते. त्यांची नाटकं पण खूप चालायची. त्यातलं एक तर आपल्या शिवाजी महाराजांवर होतं, राज्याभिषेकाला झालेला विरोध आणि गागाभट्ट हाच त्याचा विषय, आणि त्यात महाराजांची भूमिका करणाऱ्या गणेशन नावाच्या तरुण नटाला पेरियारांनीच शिवाजी असं नाव दिलं. तेच पुढे तमिळ सिनेमातले शिवाजी गणेशन.

पेरियार आणि अण्णा यांच्यात आतून बरंच ताणलेलं होतं. 15 ऑगस्ट 1947 हा दुखवट्याचा दिवस पाळा असं पेरियार म्हणाले, अण्णांनी उघड सांगितलं की नाही, हा आनंदाचा दिवस आहे. मग जुलै 1949 मध्ये सत्तरीच्या पेरियारांनी तिशीतल्या मणियम्मैंशी लग्न केलं आणि फूट पडली. कारण म्हणून लग्नच सांगितलं जातं, पण मला वाटतं खरं भांडण पक्षाचा वारस कोण आणि निवडणुका लढवायच्या की नाही यावरच होतं, लग्न हे निमित्त झालं. 17 सप्टेंबर 1949 ला, म्हणजे पेरियारांच्याच वाढदिवसाला, मद्रासमध्ये द्रविड मुन्नेत्र कळघम म्हणजे द्रमुक स्थापन झाला आणि दुसऱ्या दिवशी रॉबिन्सन पार्कात भर पावसात पहिली सभा झाली. अण्णा सरचिटणीस झाले, अध्यक्षाची खुर्ची मात्र पेरियारांसाठी रिकामी ठेवली. पेरियार त्यांना पुढे कित्येक वर्षं 'अश्रूंचे थेंब' म्हणून हिणवत राहिले.

या पक्षाचं काम कसं चालायचं ते बघण्यासारखं आहे. गावोगाव वाचनालयं काढायची, जिथे पेपर मोठ्याने वाचून दाखवला जायचा, चहाच्या दुकानात, सलूनमध्ये त्यावर चर्चा व्हायची, नेत्यांची स्वतःची नियतकालिकं होती, करुणानिधींचं 'मुरसोली' तर 1942 पासूनचं. वर सिनेमा. 1952 च्या 'पराशक्ती'ची पटकथा आणि संवाद करुणानिधींचे, त्यातले कोर्टातले संवाद लोकांनी पाठ केले. पण नुसत्या सिनेमावर पक्ष उभा राहिला असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही, वाचनालयातला कार्यकर्ता नसता तर सिनेमाचं काहीच झालं नसतं. 1953 ला राजाजींनी शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळेत मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली, द्रमुकने तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचं शिक्षण म्हणत रान उठवलं. त्याच वर्षी दालमियापुरम स्टेशनचं नाव कल्लकुडी करा म्हणून करुणानिधी रुळांवर आडवे झाले आणि तुरुंगात गेले.

1956 ला तिरुचीच्या परिषदेत निवडणूक लढवायची की नाही यावर पक्षाने आलेल्या लोकांचंच मत घेतलं आणि बहुमत लढवायच्या बाजूने पडलं. 1957 ला 15 आमदार, 1962 ला 50, पण 1962 ला स्वतः अण्णाच कांचीपुरममध्ये पडले आणि राज्यसभेत गेले, तिथे पहिल्याच भाषणात त्यांनी वेगळ्या द्रविडनाडूची, म्हणजे दक्षिणेतल्या राज्यांच्या स्वतंत्र देशाची, मागणी केली. काही महिन्यांत चीनचं युद्ध आलं, अण्णांनी देशाच्या संरक्षणाला पाठिंबा दिला, 1963 ला फुटीची मागणी करणाऱ्याला निवडणूकच लढवता येऊ नये अशी सोळावी घटनादुरुस्ती झाली आणि पक्षाने द्रविडनाडूची मागणी अधिकृतपणे सोडली. नाइलाज होता हे उघड आहे. पण आंध्र, केरळ, कर्नाटकात ही मागणी कधी रुजलीच नव्हती हेही अण्णांना दिसत असणार, आणि पक्ष मोडू न देता हे वळण घेणं सोपं नव्हतं.

मग 1965. 26 जानेवारीपासून हिंदी केंद्राची एकमेव राजभाषा होणार होती. त्याच्या वर्षभर आधी तिरुचीत चिन्नस्वामी नावाच्या तरुण कार्यकर्त्याने स्वतःला जाळून घेतलं होतं. जानेवारी-फेब्रुवारी 1965 मध्ये रस्त्यावर उतरले ते मुख्यतः कॉलेजचे विद्यार्थी, अनेक ठिकाणी गोळीबार झाला, मेलेल्यांचा सरकारी आकडाच सत्तरच्या आसपास आहे. सी. सुब्रमण्यम आणि अळगेसन या केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि शास्त्रीजींना रेडिओवरून इंग्रजी चालू ठेवायचं आश्वासन द्यावं लागलं. त्यात तांदळाची टंचाई होतीच.

1967 ला द्रमुकने 234 पैकी 137 जागा जिंकल्या आणि काँग्रेस अध्यक्ष कामराजांसारखा माणूस विरुधुनगरमध्ये एका विद्यार्थी नेत्याकडून हरला. या निवडणुकीत 1938 ला हिंदी आणणारे राजाजी द्रमुकबरोबर होते आणि पेरियार कामराजांच्या बाजूने काँग्रेससोबत. तरीही जिंकल्यावर अण्णा आधी तिरुचीला जाऊन पेरियारांना भेटले. रुपयाला तीन मापं तांदूळ देऊ म्हणाले होते, दिलं एकच माप आणि तेही फक्त मद्रास आणि कोईमतूर शहरांत. पण पुरोहिताशिवाय लागलेल्या स्वाभिमान विवाहांना कायद्याने मान्यता दिली, 1968 ला शाळांत तमिळ आणि इंग्रजी अशा दोनच भाषा ठेवल्या आणि राज्याचं नाव तमिळनाडू केलं. 3 फेब्रुवारी 1969 ला अण्णा कॅन्सरने गेले, जेमतेम दोन वर्षं मिळाली त्यांना.

याच काळात, 25 डिसेंबर 1968 ला, तंजावर भागातल्या कीळवेण्मणी गावात मजुरीचा प्रश्न पेटलेला असताना 44 दलितांना एका झोपडीत जिवंत जाळलं गेलं, त्यात बायका आणि लहान मुलंच जास्त. ब्राह्मणेतरांच्या नावाने आलेल्या सत्तेचा फायदा मधल्या जातींना जेवढा झाला तेवढा दलितांना झाला नाही, हा आरोप तेव्हापासून द्रमुकवर आहे आणि तो मला रास्त वाटतो.

पुढचं बहुतेकांना माहिती असतं. करुणानिधी मुख्यमंत्री झाले, 1971 ला 184 जागा आल्या, 1972 ला सिनेमातले मोठे नट एमजीआर यांना पक्षातून काढलं आणि त्यांनी अण्णाद्रमुक काढला, आणीबाणीत 31 जानेवारी 1976 ला सरकार बरखास्त झालं आणि 1977 पासून एमजीआर असेपर्यंत द्रमुक सत्तेत परत आला नाही. 1989 पासून दिल्लीतल्या आघाड्या, वाजपेयींसोबतसुद्धा. घराण्याचा शिक्काही याच वर्षांत पक्का होत गेला. 1993 ला पक्षातले वजनदार नेते वायको यांना काढलं त्यामागे स्टालिन यांचा रस्ता मोकळा करणं होतं असं तमिळनाडूत सर्रास बोललं जातं.

पण राज्यांच्या हक्काचा धागा सुटलेला नाही. केंद्र आणि राज्य यांच्यातले अधिकार कसे वाटावेत यासाठी करुणानिधींनी 1969 ला राजमन्नार समिती नेमली, तिच्या अहवालावर 1974 ला विधानसभेत स्वायत्ततेचा ठराव केला, दिल्लीने तो गुंडाळून ठेवला. एप्रिल 2025 मध्ये स्टालिन यांनी याच कामासाठी निवृत्त न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांची समिती नेमली.