ॲम्बिग्युअस आणि इक्विव्होकल: दोन्हींना 'संदिग्ध' म्हणून मोकळं होऊ नका

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशीचा डेंग्यूचा रिपोर्ट आला. आयजीएम ही अँटिबॉडी, व्हॅल्यू १.०२, शेजारी बारीक अक्षरात ०.९ च्या खाली निगेटिव्ह आणि १.१ च्या वर पॉझिटिव्ह असं छापलेलं, आणि निकालाच्या रकान्यात एकच शब्द: इक्विव्होकल. पाच मिनिटांत कोणीतरी डिक्शनरीचं ॲप उघडून अर्थ टाकला, "संदिग्ध, संशयास्पद, दुटप्पी". झालं. एकाला वाटलं लॅब काहीतरी लपवतेय, दुसऱ्याने लगेच लॅब बदला म्हणून नंबर पाठवले, आणि ज्या मावशीला ताप होता ती घाबरून रात्रभर जागी. सकाळी डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं की आकडा काठावर आहे, चार-पाच दिवसांनी परत रक्त देऊ. एवढंच होतं ते.

मी भाषांतराची कामं करते, त्यामुळे हा घोळ मी वर्षानुवर्षं बघतेय आणि आता खरंच कंटाळा आलाय. ॲम्बिग्युअस आला, लिहा संदिग्ध. इक्विव्होकल आला, लिहा संदिग्ध. इक्विव्होकेशन आलं, लिहा संदिग्धता. व्हेगलासुद्धा संदिग्धच लिहिणारे आहेत, त्यांना मी हात जोडून सांगते की आपल्याकडे 'मोघम' हा इतका नेमका शब्द आहे तो वापरा, आणि व्हेगचा विषय तिथे संपवते.

ॲम्बिग्युअस तुम्हाला माहीतच आहे, त्यावर फार वेळ घालवत नाही. एका शब्दाचे किंवा वाक्याचे दोन किंवा जास्त अर्थ निघतात आणि कुठला घ्यायचा ते कळत नाही. "मी त्याला गाडी चालवताना पाहिलं", गाडी कोण चालवत होतं? मी की तो? वाक्य सांगत नाही. "तिला हार मिळाला" आणि "तिची हार झाली" यात तिला-तिची आणि मिळाला-झाली आहे म्हणून बरं, नुसतं "हार" म्हटलं तर फुलांचा की सामन्यातली ते कळायला मार्ग नाही. लॅटिनमधला अंबि म्हणजे दोन्ही बाजूंना, आणि आगेरे म्हणजे हाकणं, हाकून नेणं, मिळून दोन्हीकडे हाकलं जाणारं. यातला अंबि आणि संस्कृतातला 'अभितः' हे एकाच कुळातले. गंमत म्हणून लक्षात ठेवा.

आता इक्विव्होकल. हाही लॅटिनच, एक्वुस म्हणजे समान आणि व्हॉक्स म्हणजे आवाज, शब्द. समान शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या वेगळ्या गोष्टी. आणि हा व्हॉक्स म्हणजे आपल्या 'वाच्', 'वाचा'चा सख्खा नातेवाईक. सुरुवातीला या शब्दात वाईट काहीच नव्हतं. ॲरिस्टॉटलने म्हटलं होतं की खरा माणूस आणि चित्रातला माणूस दोघांनाही ग्रीकमध्ये एकच शब्द वापरतात पण दोघांची व्याख्या वेगळी, अशा गोष्टींना त्याने समनामी म्हटलं, आणि सहाव्या शतकात बोएथियसने ते लॅटिनमध्ये नेताना एक्विव्होका हा शब्द वापरला. म्हणजे हा मुळात तर्कशास्त्राच्या वर्गातला शब्द, पाटीवर लिहायचा, कोणावर आरोप करायचा नव्हे.

आरोप चिकटला तो इंग्लंडमध्ये, आणि कधी चिकटला ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. १५८५ साली राणी एलिझाबेथच्या राज्यात कायदा झाला की परदेशात शिकून आलेला कॅथलिक पाद्री देशात सापडला तर तो राजद्रोह, आणि त्याला घरात लपवणाऱ्यालाही फाशी होऊ शकते. आता दारात शिपाई उभा आहे आणि विचारतोय, घरात पाद्री आहे का? हो म्हटलं तर आत लपलेला माणूस मरतो आणि तुम्हीही मरता, नाही म्हटलं तर खोटं बोलल्याचं पाप, आणि ही माणसं ते पाप खरोखर मानणारी होती. मग कॅथलिकांच्याच जेझुइट पंथातल्या लोकांनी मधली वाट काढली. समजा इंग्रजीत म्हटलं की "पाद्री माझ्या घरात लाय करत नाही", तर लायचा एक अर्थ पडून राहणं, मुक्काम करणं, आणि दुसरा अर्थ खोटं बोलणं. बोलणाऱ्याने मनात दुसरा धरला, ऐकणाऱ्याने पहिला घेतला, आणि बोलणारा म्हणणार मी खोटं बोललोच नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे तोंडाने "मी पाहिला नाही" म्हणायचं आणि मनातल्या मनात "तुला सांगण्यासाठी" एवढं जोडायचं. १५९५ मध्ये रॉबर्ट साउथवेल या जेझुइट पाद्र्याच्या खटल्यात हाच मुद्दा निघाला. नंतर १६०५ चा गनपावडर कट, म्हणजे राजासकट पार्लमेंट दारूगोळ्याने उडवून द्यायचा कॅथलिकांचा कट, उघडकीला आला, आणि सरकारी वकील एडवर्ड कोकच्या हाती एक हस्तलिखित लागलं, इक्विव्होकेशनवरचा निबंध, हेन्री गार्नेट या जेझुइट पाद्र्याने लिहिलेला. त्याचं शीर्षक बघण्यासारखं आहे. इक्विव्होकेशन हा शब्द खोडून त्या जागी 'असत्य आणि कपटी बतावणीविरुद्ध' अशा अर्थाचं शीर्षक घातलेलं. शीर्षकातच शब्द बदललेला हे कोकला मिळालेलं आयतं कोलीत. मार्च १६०६ मध्ये गार्नेटचा खटला झाला, मे महिन्यात फाशी झाली, आणि साधारण त्याच सुमाराच्या शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये दारूच्या नशेतला द्वारपाल नरकाच्या दारात आलेल्या इक्विव्होकेटरचं स्वागत करतो. त्या काळच्या प्रेक्षकांना तो टोमणा कोणाला ते वेगळं सांगावं लागलं नसणार.

तर्कशास्त्राच्या वर्गातला एक शब्द फासाच्या दोराजवळून जाऊन आला, आणि परत आला तेव्हा त्याच्यात माणूस शिरलेला होता. माणूस आणि त्याचा हेतू. आणि लोक नेमके इथेच अडखळतात.

ॲम्बिग्युइटी हा वाक्याचा गुण आहे. कोणाचाही काही हेतू नसताना ती असू शकते, बहुतेक वेळा तशीच असते. इक्विव्होकेशन ही कृती आहे. ती कोणीतरी करतं. वाक्य इक्विव्होकेट करत नाही, माणूस करतो. "मी त्याला गाडी चालवताना पाहिलं" हे वाक्य तुम्ही सहज बोललात तर ते फक्त ॲम्बिग्युअस. पण गाडी तुम्हीच चालवत होतात, अपघात तुमच्या हातून झालाय, आणि पोलिसाने चालवणारा तो होता असं समजावं म्हणून तुम्ही मुद्दाम हेच वाक्य निवडलंत, तर तेच शब्द, तोच क्रम, आणि आता ते इक्विव्होकेशन. कागदावर दोन्ही वाक्यांत एका मात्रेचा फरक दिसणार नाही, म्हणूनच नुसत्या वाक्याकडे बघून हा फरक कळत नाही, कोण बोललं, कोणाला, कशासाठी ते बघावं लागतं.

वादविवादात याचं दुसरं रूप दिसतं, तिथे फसवायचा हेतू नसला तरी चालतं पण कृती तीच, एक शब्द एका अर्थाने उचलायचा आणि दुसऱ्या अर्थाने खाली ठेवायचा. "निसर्गात नियम आहेत, नियम म्हटला की नियम करणारा कोणीतरी असतोच, म्हणून निसर्गाचाही नियम करणारा आहे." पहिला नियम म्हणजे वस्तू जशा वागतात त्याचं वर्णन, दुसरा नियम म्हणजे सोसायटीच्या बोर्डावर लिहितात तो, पाळा असं सांगणारा. देव आहे की नाही हा प्रश्न वेगळा, पण या वाक्यांतून तो सुटत नाही. किंवा "उत्क्रांती ही तर फक्त थिअरी आहे", इथे चहाच्या टपरीवरची थिअरी आणि विज्ञानातली थिअरी यांची अदलाबदल झालेली असते. असं बोलणाऱ्याला "तुमचं वाक्य संदिग्ध आहे" म्हणणं हे अगदीच कमी पडतं, कारण त्याचं कुठलंही एक वाक्य संदिग्ध नाहीये, प्रत्येक वाक्य आपापल्या जागी स्वच्छ आहे, घोटाळा एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना झालाय.

आणि यासाठी आपल्याकडे शब्द नाही असं कोणी म्हणू नका. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, छलाचे, म्हणजे वादात समोरच्याचं बोलणं मुद्दाम भलत्या अर्थाने घेण्याचे, तीन प्रकार सांगितलेत, त्यातला पहिला वाक्छल. त्याचं जुनं उदाहरण: एक जण म्हणतो हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे, आणि समोरचा म्हणतो कुठे आहेत नऊ घोंगड्या, मला तर एकच दिसतेय. नव म्हणजे नवा आणि नव म्हणजे नऊ. वाक्छलात समोरच्याचा शब्द वाकवतात आणि इंग्रजी इक्विव्होकेशनमध्ये स्वतःचाही वाकवता येतो, एवढा फरक आहे, पण मर्म तेच, आणि व्हॉक्स नि वाच् एकाच मुळाचे असल्यामुळे दोन्ही शब्दांत वाणी बसलेली आहे. मला तरी याच्यापेक्षा चांगला प्रतिशब्द माहीत नाही. ॲम्बिग्युइटीला संदिग्धता किंवा दोनच अर्थ असतील तर द्व्यर्थ, इक्विव्होकेशनला वाक्छल. मी गेली काही वर्षं असंच लिहितेय आणि एकाही वाचकाने अडल्याचं कळवलेलं नाही.

"नरो वा कुंजरो वा" का नाही असं विचारतात, तर त्याचं कारण असं की आपण आज तो वाक्प्रचार वेगळ्याच अर्थाने वापरतो. साहेबांनी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही, गुळमुळीत उत्तर दिलं, तर आपण म्हणतो नरो वा कुंजरो वा केलं. कथेतल्या युधिष्ठिराने हे केलेलं नाही. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, युधिष्ठिराने द्रोणांना अश्वत्थामा मेला असं स्पष्ट सांगितलं आणि हत्ती हा शब्द पुटपुटला, ऐकू जाणार नाही असा. त्यात टाळाटाळ नव्हती, द्रोणांनी एकच अर्थ घ्यावा याची व्यवस्था होती. साउथवेल आणि गार्नेटवर जो आरोप झाला तो हुबेहूब हाच. आणि कथा त्याला माफ करत नाही, जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. म्हणजे कथा वाक्छलाची आणि वाक्प्रचार टाळाटाळीचा. खरं तर इंग्रजीतही असंच झालंय, आता इक्विव्होकेट म्हणजे कित्येकदा नुसतं स्पष्ट न बोलणं. त्या अर्थी आलं असेल तर खुशाल नरो वा कुंजरो वा लिहा, छान बसतं.

राहिलं विशेषण, इक्विव्होकल, जिथून माझी मावशी जागी राहिली. क्रियापदाला लागलेला डाग या विशेषणाला प्रत्येक वेळी लागत नाही. माणसाच्या उत्तराला इक्विव्होकल म्हटलं तर त्यात थोडी नाराजी असते, पण पुराव्याला, आकड्याला, रिपोर्टला म्हटलं तर अजिबात नसते, तिथे फक्त एवढंच की हा निकाल इकडेही झुकू शकतो आणि तिकडेही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू या प्रथिनाची तपासणी २+ आली तर तिलाही इक्विव्होकलच म्हणतात, आणि मग फिश नावाची पुढची तपासणी करून ठरवतात. अशा ठिकाणी 'संशयास्पद' लिहिणं मला गंभीर चूक वाटते, कारण मराठीत संशयास्पद म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर गुन्हा किंवा गाठ येते. 'संदिग्ध' त्यातल्या त्यात बरा पण पेशंटला त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. 'अनिर्णित' लिहा, घरच्यांना सांगताना 'काठावरचा' म्हणा. मावशीच्या दुसऱ्या रिपोर्टच्या वेळी मी ग्रुपवर आधीच लिहून ठेवलं होतं की हाच शब्द परत आला तर त्याचा अर्थ "अजून ठरलं नाही" एवढाच धरायचा. तो निगेटिव्ह आला.

दोन किरकोळ गोष्टी, पण रोज दिसतात म्हणून. "तुम्ही दोन्ही घटना इक्विव्होकेट करताय" असं लिहिणाऱ्यांना इक्वेट म्हणायचं असतं, म्हणजे एका मापाने मोजताय, त्याचा या शब्दाशी काही संबंध नाही. आणि अनइक्विव्होकल म्हणजे एकमताने नव्हे, त्याला युनॅनिमस म्हणतात. अनइक्विव्होकल म्हणजे निःसंदिग्ध, एकटा माणूसही निःसंदिग्ध शब्दांत निषेध करू शकतो, त्यासाठी बैठक बोलवावी लागत नाही.