लेक पॉवेलमधे गळ किती खोल सोडायचा?

मे महिन्यात गावाकडच्या विहिरीत ज्यांनी सूर मारलाय त्यांना वेगळं सांगायला नको, वरचं पाणी चांगलं कोमट असतं आणि जरा खाली गेलं की एकदम हुडहुडी भरते, जणू पाण्याच्या आतच कोणीतरी स्लॅब टाकलाय. अमेरिकेत युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर लेक पॉवेल नावाचा प्रचंड जलाशय आहे, आणि तिथे मासे पकडायचे असतील तर त्या दिवशी हा स्लॅब किती खोलीवर आहे ते आधी शोधायचं, बाकी सगळं नंतर.

कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मार्च १९६३ मधे बंद झाले आणि जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरायला १९८० साल उजाडलं. लांबी जवळपास ३०० किलोमीटर, आणि दोन्ही बाजूंनी आत घुसलेल्या नव्वदहून जास्त घळया. आपल्या धरणांना कसा उतरता काठ असतो, पाणी ओसरलं की गाळपेर होते, तसं इथे फार कमी ठिकाणी आहे. बोटीतून हात लांब करून तुम्ही लाल वालुकाश्माच्या कड्याला टेकू शकता आणि तुमच्या खाली पन्नास-साठ मीटर पाणी असतं. त्यामुळे नुसत्या गुळगुळीत कड्यापाशी बसून राहण्यात बऱ्याचदा वेळ जातो, मासे सापडतात ते जिथे दरड कोसळून दगडांचा ढीग पडलाय तिथे नाहीतर घळीच्या अगदी आतल्या टोकाला. अजून एक गोष्ट, नदी गाळ आणते आणि वरच्या टोकालाच टाकून देते, त्या गाळाबरोबर फॉस्फरससारखं पोषणही तिथेच बसतं, म्हणून धरणाजवळचं पाणी काचेसारखं स्वच्छ पण खाण्याच्या दृष्टीने गरीब.

आता तो स्लॅब. पाणी सगळ्यात जड असतं ४ अंश सेल्सिअसला, त्याच्यावर ते जसं तापेल तसं हलकं होत जातं. उन्हाळ्यात वरचा थर २६-२७ अंशांपर्यंत जातो, वारा ढवळतो तो फक्त तेवढाच थर, खालचं गार जड पाणी जागचं हलत नाही. या दोघांच्या मधे काही मीटरांतच तापमान झपकन उतरतं, या पट्ट्याला थर्मोक्लाईन म्हणतात. फिशफाइंडर, म्हणजे ध्वनिलहरी सोडून पाण्याखालचं दाखवणारं बोटीवरचं यंत्र, त्याच्या स्क्रीनवर बऱ्याचदा तो धूसर आडव्या रेघेसारखा चक्क दिसतो, आणि मासेही दिसतात कारण त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून ध्वनिलहरी जोरात परततात.

या रेघेने सगळ्यात जास्त छळलंय ते स्ट्राइप्ड बासला, म्हणजे पट्टेरी बासला. हा मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा समुद्री मासा, विणीला नदीत चढणारा. १९७४ मधे तो इथे आणून सोडला तेव्हा समज असा होता की याची अंडी वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात, तळाला बसली की गाळात गुदमरतात, त्यामुळे धरणात याची पैदास होणार नाही. झाली, आणि भरमसाट झाली. पाणी इतकं खोल की अंडं तळाशी पोचायच्या आत पिल्लू बाहेर यायला वेळ मिळतो, असं त्यामागचं कारण मानलं जातं. आज या माशाला तिथे पकडायची मर्यादाच नाही, न्याल तेवढे न्या.

त्याचं मुख्य खाणं म्हणजे थ्रेडफिन शाड, आपल्या हिलशाच्या नात्यातला बोटभर मासा, तो १९६८ मधे सोडला गेला. शाडला गरम पाणी लागतं, तो वरच्या थरात. मोठ्या बासला गारवा लागतो, तो खालच्या थरात. म्हणजे घर तळमजल्यावर, जेवण वरच्या मजल्यावर आणि मधला जिना उन्हाळाभर बंद. शाड कमी झालेल्या वर्षी असा मासा हातात घेतला की लगेच कळतं, डोकं मोठं, पोट खपाटीला, पाठीवर मांसच नाही. मला तो फोटोत बघूनसुद्धा वाईट वाटतं.

लहान बासचं तसं नाही, त्यांना गरम पाणी चालतं. जुलै ते सप्टेंबर भल्या पहाटे त्यांचा थवा शाडच्या झुंडीला खालून रेटत पृष्ठभागावर आणतो आणि मग शांत पाणी एका ठिकाणी अक्षरशः उकळायला लागतं, शाड हवेत उडतात, फेस होतो, म्हणूनच तिथले लोक याला 'बॉइल' म्हणतात. बोट थेट त्यात घालायची नाही, थवा बुडतो. लांबच इंजिन बंद करायचं, पाण्यावर तरंगणारं लूअर, म्हणजे गळ लावलेला नकली मासा, थव्याच्या पलीकडे टाकायचं आणि झटके देत त्यातून ओढायचं. दोन मिनिटांत सगळं शांत होतं, पण थवा खालीच असतो, तेव्हा चमकता धातूचा स्पून, म्हणजे चमच्यासारखी गळ लावलेली पट्टी, सरळ खाली सोडायचा.

मोठ्या माशासाठी वेगळी पद्धत आहे. फ्रोझन अँकोव्ही, आपल्या मांदेलीच्या कुळातलाच मासा, त्याचे तुकडे करून कड्याच्या सावलीत पाण्यात टाकायचे, वासाने थवा जमतो, आणि तोच तुकडा गळाला लावून स्क्रीनवर मासे जितके खोल दिसतायत तितकाच सोडायचा, पाच मीटर चुकलात तरी हात हलवत परत.

स्मॉलमाउथ बास १९८२ मधे सोडला गेला, हा दगडांतला मासा. वसंतात पाणी साधारण १५-१६ अंशांवर गेलं की नर उथळ जागी घरटं करून राखण करत बसतो, तेव्हा तळाला टेकत टेकत ओढलेल्या जिगवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या नकली आमिषाच्या गळावर, तो तुटून पडतो.

पण याच माशाने आता काळजी लावलीये. जलाशय भरलेला असताना टर्बाइनकडे जाणारं तोंड पाण्याखाली ७० मीटरवर असतं, तिथे कायम गार पाणी. दुष्काळाने पातळी उतरत उतरत एप्रिल २०२३ मधे तेच तोंड फक्त १५ मीटरवर आलं. म्हणजे गरम थर आणि त्यातले बास दोन्ही टर्बाइनच्या दारात. २०२२ च्या उन्हाळ्यातच धरणाखाली स्मॉलमाउथची पिल्लं सापडली होती, आणि त्याच नदीत पुढे ग्रँड कॅन्यनमधे हंपबॅक चब राहतो, पाठीवर मदार असलेला, लाखो वर्षांपासूनचा तिथला मासा, ज्याला असा शिकारी कधी माहीतच नव्हता.

म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात टर्बाइन टाळून अजून खालच्या नळांतून गार पाणी सोडलं, वीज बुडाली ती बुडाली, पण त्या वर्षी खाली बासची वीण आटोक्यात राहिली. लक्ष्य होतं नदी १५.५ अंशांच्या खाली ठेवायचं, म्हणजे वसंतात वरच्या घळीत जिग टाकण्याआधी गळवाला थर्मामीटरवर ज्याची वाट बघतो, जवळपास तोच आकडा.